उपवासकाळाचे कृती-तक्ते: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

राखेचा बुधवार, म्हणजे कपाळावर राख लावून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तो दिवस, जवळ आला की चर्चच्या दाराशी, ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात आणि मोबाइलवर उपवासकाळाचे कृती-तक्ते दिसू लागतात. एका कागदावर चाळीस चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनात त्या दिवसाची एक छोटी कृती: आजाऱ्याला भेटा, न लागणारा कपडा देऊन टाका, जेवताना मोबाइल बाजूला ठेवा. काही तक्त्यांसोबत घड्या घालून उभी करायची पुठ्ठ्याची दानपेटी येते. काही ठिकाणी कागदच नसतो, रोज सकाळी मोबाइलवर सूचना येते. वस्तू साधी आहे, पण तिच्यावर सोपवलेलं काम मोठं आहे. प्रार्थना, उपास आणि दानधर्म ही उपवासकाळाची तीन अंगं रोजच्या वागण्यात उतरवायची, असं ते काम.

हे काम नीट करणारे तक्ते आहेत, पण थोडे. बहुतेकांचा दोष एकच: चाळीस दिवसांत चाळीस वेगवेगळ्या कृती. आज केलेलं उद्या नाही, उद्या काहीतरी नवीन. असा तक्ता भरायला मजा येते, पण त्यातून ना सवय लागते, ना समोरच्या माणसाला आपला आधार वाटतो. आमची शिफारस सहा कृतींच्या, दर आठवड्याला त्याच वारी फिरून येणाऱ्या तक्त्याची आहे. सोबत दानपेटी हवीच. मोबाइलवरची आवृत्ती वाचनासाठी चांगली, कृतीसाठी अपुरी.

आधी दिवस मोजा

तक्ता हातात आला की मजकूर वाचण्याआधी चौकोन मोजावेत. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, ४६ दिवस होतात. त्यातले ६ रविवार वगळले की ४० उरतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपास नाही. ही झाली पाश्चात्त्य मंडळ्यांतली रूढ मोजणी. कॅथोलिक उपासनेच्या दिनदर्शिकेप्रमाणे मात्र उपवासकाळ पवित्र गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्साआधी (मिस्सा म्हणजे कॅथोलिकांची मुख्य उपासना) संपतो आणि तिथून येशूचं मरण आणि पुनरुत्थान आठवण्याचे पास्काचे तीन दिवस सुरू होतात. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत उपवासकाळाची सुरुवात सोमवारी होते, राखेचा बुधवार नसतो, रविवारही मोजले जातात आणि चाळीस दिवस लाजराच्या शनिवारच्या (ईस्टरच्या आठ दिवस आधीच्या शनिवारच्या) आदल्या दिवशी पुरे होतात. तिन्ही हिशेब आपापल्या जागी बरोबर आहेत. तक्ता कोणत्या हिशेबाने चालतो हे त्यावर लिहिलेलं असावं, इतकंच.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. पहिली म्हणजे पहिल्या रविवारपासून 'पहिला आठवडा' सुरू करून बुधवार ते शनिवार हे सुरुवातीचे चार दिवस कोरे सोडणं. लोक सर्वांत तयारीत असतात ते याच चार दिवसांत, राख कपाळावर लागल्या लागल्या. शिवाय राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी कॅथोलिक मिस्सात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय वाचतात: देवाला हवा असलेला उपास म्हणजे जुलमाची बंधनं सोडणं, भुकेल्याला आपल्यातलं अन्न देणं, बेघराला घरात घेणं. रोजच्या कृतीतून श्रद्धा जगण्याचा सगळा पाया या वाचनात आहे, आणि तोच दिवस तक्त्यात नसतो.

दुसरी चूक म्हणजे रविवारच्या चौकोनात 'आज सुट्टी' असं छापणं. रविवारी उपास नसतो, प्रेम करायचं नाही असं थोडंच आहे? बरे तक्ते रविवारी काही सोडायला सांगत नाहीत, उलट काही जोडायला सांगतात. घरात एकटं जेवणाऱ्या कुणालातरी पानावर बोलावणं ही रविवारची उत्तम कृती.

तारखा छापलेला तक्ता एकाच वर्षी चालतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो, त्यामुळे राखेचा बुधवारही ४ फेब्रुवारी ते १० मार्च असा पुढेमागे सरकतो. २०२६ साली तो १८ फेब्रुवारीला होता आणि ईस्टर ५ एप्रिलला. २०२७ साली १० फेब्रुवारी आणि २८ मार्च. गेल्या वर्षीचा उरलेला गठ्ठा स्वस्तात मिळाला तरी तारखा असतील तर घेऊ नये. 'दुसरा आठवडा, मंगळवार' अशा पद्धतीने छापलेला तक्ता दरवर्षी वापरता येतो.

उपासाचे नियम बरोबर छापलेत का?

'उपास' आणि 'मांस वर्ज्य' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्म्या तक्त्यांत त्यांची सरमिसळ असते. कॅथोलिक चर्चच्या कायद्यात, कलम १२५१ प्रमाणे, उपास आणि मांसवर्जन दोन्ही फक्त राखेच्या बुधवारी आणि पवित्र शुक्रवारी सांगितलं आहे. उपवासकाळातल्या इतर शुक्रवारी मांसवर्जन असतं, उपास बंधनकारक नाही. कलम १२५२ वयं सांगतं: मांसवर्जन १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून, उपास १८ पूर्ण झाल्यापासून ६०वं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे ५९ पूर्ण होईस्तोवर. उपासाच्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडं खाणं चालतं. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली हा नियम असा ठरवून दिला. कलम १२५३ प्रमाणे त्या त्या देशातली बिशप परिषद यात बदल करू शकते आणि उपासाऐवजी दानधर्म किंवा भक्तीची इतर रूपं ठरवू शकते. म्हणून 'जगभर हाच नियम' असं ठासून सांगणाऱ्या तक्त्यापेक्षा 'आपल्या धर्मप्रांताची (बिशपच्या अखत्यारीतल्या भागाची) सूचना पाहा' अशी एक ओळ देणारा तक्ता जास्त विश्वासाचा. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत असा कायदा नाही; तिथे उपास ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेला असतो.

२०२७ साठी तक्ता घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. त्या वर्षी १९ मार्च, संत योसेफाचा सण, शुक्रवारी येतो. सर्वोच्च दर्जाचा सण शुक्रवारी आला तर कलम १२५१ प्रमाणेच मांसवर्जनाचं बंधन राहत नाही. आणि २५ मार्च, मरियेला मिळालेल्या संदेशाचा सण, त्याच वर्षी पवित्र गुरुवारी येत असल्याने ५ एप्रिलवर ढकलला जातो. या दोन तारखा बरोबर असतील तर तक्ता करणाऱ्याने दिनदर्शिका उघडून काम केलंय असं समजावं.

आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मधुमेहाची औषधं घेणारे यांना उपासाची सक्ती नाही. ही सूचना तक्त्यावर ठळक हवी, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरात नव्हे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण टाळलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अशा माणसाला तक्त्याने दुसरी वाट दाखवावी: उपासाच्या जागी रोज ठरावीक वेळ कुणासाठी तरी द्यायची.

चौकोनातलं वाक्य

तक्त्याचा खरा कस लागतो तो इथे. शेजारी शेजारी ठेवून दोन वाक्यं वाचा. एक: 'आज सर्वांशी प्रेमाने वागा.' दुसरं: 'घरातल्या ज्या माणसाचं बोलणं तुम्ही नेहमी मध्येच तोडता, त्याचं एक बोलणं आज शेवटपर्यंत ऐका आणि ते संपल्यावर एक प्रश्न विचारा.' पहिलं वाक्य वाचून माणूस मान डोलावतो आणि कामाला लागतो. दुसरं वाचल्यावर एक चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि कृती झाली की नाही हे रात्री नक्की सांगता येतं. कुणासाठी, केव्हा, किती वेळ आणि झालं हे कशावरून कळणार, या चारांपैकी निदान तीन गोष्टी वाक्यात असाव्यात. तक्त्यातले कुठलेही पाच चौकोन काढून वाचावेत. तीनांत 'प्रेम', 'आनंद', 'सकारात्मक' असे मोघम शब्द निघाले तर तक्ता परत ठेवावा.

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये वाचायचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला भाग, मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं असतं. दान, प्रार्थना, उपास, तिन्ही लोकांना दाखवण्यासाठी करू नका, गुप्तपणे पाहणारा पिता पाहतो आहे, अशी येशूची स्पष्ट शिकवण. आणि त्याच दिवशीच्या चौकोनाखाली 'फोटो काढून टाका, मित्रांना टॅग करा' अशी सूचना छापलेली असते! असा तक्ता कितीही देखणा असला तरी घेऊ नये. एकमेकांना उत्साह यावा हा हेतू असतो, मान्य आहे. पण ज्याला मदत केली त्याचा चेहरा चार लोकांपुढे जातो आणि पुढच्या वेळी तो मदत घ्यायला कचरतो. ग्रुपमध्ये सांगायचंच असेल तर 'आज जमलं' किंवा 'आज नाही जमलं' एवढं पुरे.

मत्तयाच्या २५व्या अध्यायातल्या सहा गोष्टी, म्हणजे भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि तुरुंगातल्याची भेट, बहुतेक तक्ते घेतात. चर्चच्या परंपरेत त्यांना मृताला मूठमाती देणं जोडून सात दयेची कामं होतात. आजाऱ्याच्या भेटीसाठी 'आजाऱ्याला भेटा' एवढंच छापून भागत नाही. जाण्याआधी विचारा. भेट पंधरा-वीस मिनिटांची ठेवा. पलंगाच्या पायथ्याशी उभं न राहता नजरेच्या उंचीवर बसा. त्याच आजाराने गेलेल्या दुसऱ्या कुणाची हकिगत सांगू नका. प्रार्थना करायची असेल तर आधी परवानगी घ्या आणि ती लहान ठेवा. निघताना 'काही लागलं तर सांगा' म्हणू नका, कारण आजारी माणूस सांगत नाही. 'गुरुवारी औषधं आणून देऊ का?' असं विचारा. एवढ्या ओळी पाठच्या बाजूला छापणारा तक्ता तीन रंगांतल्या चित्रांच्या तक्त्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

जवळपास सगळ्या तक्त्यांत एक मोठी उणीव आहे. ते दयेबद्दल भरभरून बोलतात आणि थकलेल्या देण्यांबद्दल गप्प राहतात. उसने घेतलेले पैसे, परत न केलेली वस्तू, घरकाम करणाऱ्या बाईचा अडकलेला पगार, कामगाराची उशिरा दिलेली मजुरी. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, अशी आज्ञा आहे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, असं म्हटलं आहे. जक्कय या जकातदाराने येशूला घरी घेतलं तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना देतानाच ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करीन, असंही तो म्हणाला. म्हणून पहिल्याच आठवड्यात 'थकलेलं देणं' हा चौकोन हवा. करायचं ते असं: कुणाचं काय देणं आहे याची यादी एका बसणीत काढा, सगळ्यात लहान रक्कम त्याच दिवशी फेडा, बाकीच्यांना तारीख सांगा. कामाला माणूस असेल तर पगाराची तारीख ठरवून टाका. दुसऱ्याचं देणं थकवून दानपेटीत पैसे टाकणं हा दानधर्म नव्हे, आणि तक्त्याने ते सांगायला कचरू नये.

समेटाचा चौकोनही बहुधा अर्धवट असतो. वेदीजवळ अर्पण घेऊन आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन छापतात आणि पुढचं वाचकावर सोडतात. खरी अडचण पुढेच येते. क्षमा मागताना वाक्यात 'पण' आला की ती फिर्याद होते. 'त्या दिवशी मी असं बोललो, ते चूक होतं, क्षमा कर', एवढ्यावर थांबावं आणि लगेच उत्तराची वाट पाहू नये. आणखी एक ओळ मात्र हवीच: मारहाण किंवा छळ करणाऱ्या माणसाकडे परत जाणं म्हणजे समेट नाही. अशा वेळी सुरक्षित अंतर राखून आणि विश्वासातल्या माणसाशी बोलूनच पुढचं ठरवावं. ही ओळ नसेल तर तो चौकोन एखाद्याला संकटात टाकू शकतो.

तीच कृती पुन्हा का?

चाळीस नव्या कृतींच्या तक्त्याची एक बाजू समजण्यासारखी आहे. लहान मुलांना तो आवडतो, कंटाळा येत नाही, वेगवेगळ्या कामांची ओळख होते. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तो घ्यायला हरकत नाही.

मोठ्यांसाठी मात्र दर आठवड्याला फिरून येणारी कृतीच बरी, कारण कस पुनरावृत्तीतच लागतो. मंगळवारी एकट्या राहणाऱ्या वृद्ध नातेवाइकाला फोन, ही कृती घ्या. पहिल्या मंगळवारी दोघांनाही बरं वाटतं. दुसऱ्या मंगळवारी बोलायला विषय उरत नाही. तिसऱ्या मंगळवारी तीच गुडघेदुखी, तीच तक्रार ऐकावी लागते आणि फोन उद्यावर ढकलावासा वाटतो. उपास सुरू होतो तो याच तिसऱ्या मंगळवारी, कारण आता आपला वेळ आणि आपली आवड सोडावी लागते. पाचव्या मंगळवारी पलीकडचं माणूस फोनची वाट पाहत असतं. चाळीस जणांना एकेकदा फोन केल्याने हे घडत नाही.

फोन निभावण्याच्या काही युक्त्या उपयोगी पडतात. वेळ पक्की ठेवावी, दहा मिनिटं पुरतात. सुरुवात सल्ल्याने करू नये. मागच्या वेळी सांगितलेली एक गोष्ट कागदावर टिपून ठेवावी आणि या वेळी तिच्यापासून सुरुवात करावी: 'डॉक्टरांकडे जाणार होतात, काय म्हणाले?' बोलताना दुसरं काम करू नये. पलीकडे भांड्यांचा आवाज जातो आणि माणूस आवरतं घेतं.

सहा वारांसाठी आमच्या मते चांगली मांडणी अशी. सोमवारी घरातलं एक काम जे नेहमी दुसरं कुणीतरी करतं, ते न सांगता आपण करायचं. मंगळवारी फोन. बुधवारी कुणाबद्दलही पाठीमागे वाईट बोलायचं नाही, आणि बोलणं घसरलं तर त्याच माणसाबद्दल एक खरी चांगली गोष्ट त्याच बैठकीत सांगायची. गुरुवारी आजाऱ्याची किंवा एकट्या माणसाची भेट. शुक्रवारी मांसवर्जन, जमेल त्यांनी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत करायची प्रार्थना), आणि वाचलेले पैसे पेटीत. शनिवारी देणी आणि आवराआवर: उसनं परत करणं, न लागणाऱ्या वस्तू धुऊन-दुरुस्त करून देणं. फाटका, बटणं तुटलेला कपडा देणं हे दान नाही, आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे.

बुधवारची कृती सर्वांत अवघड जाते. पहिले दोन बुधवार माणूस गप्प बसून निभावतो, मग लक्षात येतं की ऑफिसातल्या किंवा घरातल्या निम्म्या गप्पा दुसऱ्याविषयीच असतात. म्हणूनच ती तक्त्यात ठेवावी.

दानपेटी

पेटीसह येणारा तक्ता आम्ही एक पायरी वर ठेवतो. उपास आणि दान यांना जोडणारी वस्तू हीच. ही जोड जुनी आहे. दुसऱ्या शतकातल्या रोममधल्या एका ख्रिस्ती लेखनात असं सांगितलं आहे की उपासाच्या दिवशी जे जेवण खाल्लं असतं त्याची किंमत काढा आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्या. पाचव्या शतकात पोप थोर लिओ यांच्या उपवासकाळातल्या प्रवचनांत हाच आग्रह आहे: आपण सोडलेलं गरिबाच्या पोटात जावं. वाचलेला पैसा आपल्याच खिशात राहिला तर उपास म्हणजे निव्वळ काटकसर.

आजच्या पेट्यांत जगभर माहीत असलेली म्हणजे 'राइस बोल'. १९७५ साली अमेरिकेतल्या ॲलनटाउन धर्मप्रांतात, आफ्रिकेच्या साहेल भागातल्या दुष्काळासाठी ती सुरू झाली आणि पुढे कॅथोलिक रिलीफ सर्व्हिसेस या मदतसंस्थेने ती देशभर नेली. जमलेल्या पैशातला चौथा हिस्सा त्या त्या धर्मप्रांतातच भुकेसाठी वापरला जातो, बाकीचा इतर देशांत जातो. पेटीवर हिशेब असा स्पष्ट छापलेला असणं महत्त्वाचं. पैसे कुणाकडे, कशासाठी आणि कोणत्या दिवशी जाणार या तीन गोष्टी पेटीवर नसतील तर त्या आपण पेनाने लिहून घ्याव्यात.

पेटीत टाकायची रक्कम आधीच ठरवावी, रोजच्या लहरीवर सोडू नये. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, जे सोडणार आहात त्यावर गेल्या महिन्यात किती खर्च झाला ते काढा आणि ३० ने भागा. आलेला आकडा पेटीच्या झाकणावर लिहा. तेवढे पैसे रोज रात्री जेवणानंतर टाका. रोज जमत नसेल तर शुक्रवारी आठवड्याचे एकदम, पण त्याहून लांबवू नका. महिनाअखेरीस टाकू म्हटलं की ते पैसे दुसरीकडे गेलेले असतात. सोडलेल्या गोष्टीला पैसे पडत नसतील, समजा रात्रीचा मोबाइल सोडला, तर मिनिटांचा हिशेब करा: वाचलेला वेळ आठवड्याला किती, आणि तो गुरुवारच्या भेटीत किती गेला. हिशेब न करता सोडलेला वेळ दुसऱ्या पडद्यापुढे जातो.

हल्ली लोक रोख जवळ ठेवत नाहीत, त्यामुळे पेटी रिकामी राहते आणि शेवटच्या आठवड्यात कुणीतरी एक मोठी नोट घडी करून आत सारतं. यावर सोपा उपाय म्हणजे पेटीत चिठ्ठी टाकणं: तारीख आणि रक्कम. मोबाइलवरून वेगळ्या खात्यात तेवढे पैसे त्याच वेळी वळते करायचे. शेवटी चिठ्ठ्यांची बेरीज आणि खातं जुळलं पाहिजे. घरात मुलं असतील तर मात्र नाण्यांनीच पेटी भरावी. नाण्याचा आवाज त्यांना कळतो, खात्यातली रक्कम कळत नाही. मुलांनी आपल्या खाऊच्या पैशातलं टाकावं. आईबापांनी त्यांच्या हातात नाणं देऊन टाकायला लावलं तर दान आईबापांचंच होतं.

पुठ्ठ्याच्या पेटीचा तळ ही तिची नाजूक जागा. चार झडपा एकमेकींत अडकवून बंद होणारा तळ नाण्यांच्या वजनाने मधोमध फुगतो आणि उचलताना सुटतो. पेटी उभी करतानाच तळाला आतून आणि बाहेरून आडवी-उभी चिकटपट्टी लावावी. फट नोट दोनदा घडी करून जाईल इतकी लांब, पण बोट जाणार नाही इतकी अरुंद असावी. पेटी जेवणाच्या जागेजवळ ठेवावी. दाराजवळ ठेवलेल्या पेटीत सुरुवातीला किल्ल्या आणि मग पावत्या जमू लागतात.

पेटी द्यायची कधी? ईस्टरनंतर नव्हे. सणाच्या खरेदीत तिच्यातले पैसे 'तात्पुरते' काढले जातात आणि परत येत नाहीत. कॅथोलिकांसाठी पवित्र गुरुवारची संध्याकाळ योग्य: त्या मिस्सात अर्पणाच्या वेळी गरिबांसाठीच्या भेटी मिरवणुकीने वेदीकडे आणता येतात, अशी उपासनाविधीतच तरतूद आहे. पवित्र शुक्रवारची वर्गणी परंपरेने पवित्र भूमीसाठी असते; पेटीतले पैसे त्यात मिसळू नयेत, नाहीतर ज्यांच्यासाठी जमवले त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

मोबाइलवरच्या आवृत्त्या

रोजचं शास्त्रवाचन ऐकवणं, प्रार्थनेची वेळ आठवून देणं ही कामं मोबाइल चोख करतो. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रित वाचन ही मोठीच सोय. पण कृतीच्या बाबतीत अडचण आहे. सूचना सकाळी सातला येते, त्या क्षणी कृती करणं शक्य नसतं, बोटाने ती बाजूला सारली जाते आणि दिवसभर पुन्हा दिसत नाही. भिंतीवरचा कागद दिवसातून दहादा डोळ्यांपुढे येतो. दुसरी अडचण 'सलग किती दिवस' दाखवणाऱ्या आकड्याची. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. असा आकडा बंद करायची सोय असेल तर तो पहिल्याच दिवशी बंद करावा.

दिवस चुकला तर काय, हे कागदी तक्त्यातही छापलेलं हवं. चुकलेला चौकोन कोरा सोडावा आणि आजचा करावा. कालचं आज भरून काढायला गेलं की दोन्ही घाईत होतात, आणि आठवड्याभरात थकबाकी इतकी साचते की तक्ता भिंतीवरून उतरतो. कोऱ्या चौकोनांचाही उपयोग आहे: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळे गुरुवार कोरे दिसले तर अडचण वेळेची आहे की मनाची, ते त्यातून कळतं आणि पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपुढे आपल्या चुका कबूल करायला, जाताना काय बोलायचं तेही.

घेताना आणि स्वतः करताना

कागद मोठा असावा, ए-३ आकाराचा आणि पेनाने लिहिता येईल असा. गुळगुळीत चकचकीत कागदावर शाई पसरते. प्रत्येक चौकोनात 'कुणासाठी' हे नाव लिहायला रिकामी ओळ असेल तर तो तक्ता सर्वांत उपयोगी. नाव आद्याक्षराने लिहावं, म्हणजे पाहुण्यांना कळत नाही.

मनासारखा तक्ता मिळाला नाही तर करायला अर्धा तास लागतो. सात उभे रकाने, रविवारपासून शनिवारपर्यंत. सात आडव्या ओळी. पहिल्या ओळीत फक्त बुधवार ते शनिवार, पुढच्या सहा ओळी पहिल्या रविवारपासून पवित्र आठवड्यापर्यंत. वर प्रत्येक वाराखाली त्या वाराची कृती एकदाच लिहायची, चौकोनांत फक्त नाव आणि खूण. पवित्र गुरुवार ते शनिवार हे तीन चौकोन कृतींनी भरू नयेत. ते उपासनेसाठी मोकळे ठेवावेत. त्या दिवसांत करायचं एकच, चर्चला येऊ न शकणाऱ्या कुणाला तरी सोबत नेणं. भाषा घरातली वापरावी: 'सोमवार: भांडी मी' असं लिहिलेलं 'कुटुंबीयांची सेवा' यापेक्षा जास्त पाळलं जातं.

एका माणसासाठी एक तक्ता ठेवावा. अख्ख्या घराचा एकच ठेवला तर जे सर्वांत जास्त करतं तेच माणूस सगळ्यांच्या खुणा भरतं, आणि बहुतेक घरांत ते माणूस कोण हे सांगायला नको.

शेवटची तपासणी पाठच्या बाजूची. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत) ५० दिवस असतात आणि जवळजवळ सगळे तक्ते ईस्टरच्या चित्राशी थांबतात. मंगळवारच्या फोनची वाट पाहायला शिकलेल्या माणसाला मग अचानक फोन येईनासा होतो. काही तक्त्यांच्या पाठीवर त्या ५० दिवसांसाठी सात-आठ आठवड्यांची एकच पट्टी असते: सहांपैकी एक कृती निवडायची, तिचा वार आणि माणसाचं नाव लिहायचं. पट्टी असलेला तक्ता दिसला तर तोच घ्यावा; नसेल तर राखेच्या बुधवारीच ती पाठीमागे आखून ठेवावी.